थांबलेल्या पाण्याचा दिवस

नळातून उडतं तेव्हा ते पाणी असतं आणि खाली पडेपर्यंत बर्फ झालेलं असतं. थेंब किती थंडीत किती लवकर गोठतो, हे गणित मी बिश्केकला शिकले होते. पण आमच्या आक-जारच्या उतारावर ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडलं, तेव्हा गणित आठवलंच नाही. सकाळचं धुकं होतं. धुक्यात एक उंच नळ उभा होता, त्याच्या टोकातून पाण्याचा तुरा निघत होता, आणि खाली रचलेल्या फांद्यांवर काहीतरी पांढरं, निळसर, मेणबत्तीच्या ओघळांसारखं वाढत होतं. डिसेंबर सरेपर्यंत ते घरांपेक्षा उंच झालं. माणसं त्याच्याजवळून जाताना आवाज खाली आणायची, तिथे कुणी झोपलेलं असावं तशी.

कल्पना साधी होती. हिवाळ्यात झऱ्याचं पाणी नुसतंच नदीत जातं, आणि वसंतात, कोकरं जन्मतात तेव्हा, जवळच्या कुरणावर घोटभर पाणी नसतं. म्हणून हिवाळ्याचं पाणी बर्फ करून उभं साठवायचं. उंच आणि निमुळतं, म्हणजे त्याला ऊन कमी लागतं आणि ते सावकाश वितळतं.

हे सगळं माझ्या थोरल्या भावासाठी, उलारसाठी होतं; आमच्याकडे थोरल्या भावाला आणि वडीलधाऱ्या पुरुषांना बायके म्हणतात, आणि माझा नुसता बायके म्हणजे तोच. मागचे दोन्ही वसंत उलार-बायकेने नुकत्या व्यालेल्या मेंढ्या पाण्यासाठी लांब नदीवर नेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा वाटेत कोकरं गमावली होती. शरदात त्याने चहा पिता पिता सांगून टाकलं, "एप्रिलात कुरणावर पाणी नसेल तर कळप त्या मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला, एर्मेकला देणार. तो ट्रक घेऊन येतो म्हणालाय. मी नोवोसिबिर्स्कला जाईन, बांधकामावर."

"तुला विटा उचलता येतात?" मी विचारलं.

"मेंढी उचलता येते. वीट निदान लाथ मारत नाही."

पाइपसाठी मदत देणाऱ्या संस्थेने मला प्रकल्पप्रमुख केलं. मी प्रकल्पप्रमुखासारखी वागले. कोणत्या घराने कोणत्या दिवशी किती चर खणायचा, याचा मोठा तक्ता करून दुकानाच्या दारावर लावला. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायके दारात उभा राहून हसत होता.

"अगं जिबेक, एकेकट्याला बोलावलंस तर तो अशार कसा होईल? अख्खं गाव मिळून करतं तो अशार. एकट्याला खणायला लावलं तर ती शिक्षा. शेजारचा आयबेक विचारत होता, त्याचा गुन्हा काय म्हणून."

मग मी ठरवलं, ज्यांच्या शब्दावर माणसं हलतात त्यांनाच विचारायचं.

पहिली झुरा-आपा. ती गावातल्या बायकांकडून नमदे करून घेते. चटईवर लोकर पसरायची, उकळतं पाणी शिंपडायचं, चटईची गुंडाळी करायची आणि सगळ्यांनी मिळून ती पायांनी लाटत न्यायची. मी विचारलं, "आपा, एवढ्या बायका एका चालीत कशा ठेवता?"

"खोकते."

"म्हणजे?"

"मी खोकले की पाय बदलायचा. सूनबाईंना गप्पा मारायच्या असतात, त्यांना ओरडून सांगितलं तर रुसतात. खोकल्यावर कोण रुसणार?" आणि मग, जाता जाता, "गुंडाळी सारखी उघडून बघू नकोस. तुझ्यासारख्या मुलींना फार सवय असते बघायची."

दुसरा तालाय-बायके, आमच्या उलाक संघाचा कप्तान. उलाक म्हणजे घोड्यावरून बोकडाचं धड खेचून नेण्याचा खेळ. तो म्हणाला, "कुठे जायचं ते मी कुणालाच सांगत नाही. कुणाला सोडायचं नाही तेवढं सांगतो."

"माझ्या कामात समोरचा संघ कोणता?"

"ते तू शोध. शिकलीयेस ना!"

तिसरा ओरोझाली-बायके. लग्न असो की मयत, गावाच्या कढया त्याच्या ताब्यात. त्याने माझा तक्ता पाहिला, घडी घातली आणि माझ्याच हातात ठेवला. "आधी मेंढी काप, मग बोलाव. मांस शिजायला लागलं की काय काम आहे ते लोकांना आपोआप समजतं."

या तिघांचं एकमेकांशी काही जुळत नव्हतं. एक म्हणते आवाज करू नकोस, दुसरा म्हणतो वाट दाखवू नकोस, तिसरा म्हणतो वास येऊ दे. कितीतरी दिवस मी झऱ्यापासून खालपर्यंत उतरत होते, पुन्हा चढत होते, आणि हे तीन सल्ले तीन वेगळ्या भाषांतल्या गाण्यांसारखे डोक्यात वाजत होते. शेवटी जे सोपं वाटलं ते केलं. बायकेने एक मेंढी दिली, आणि एका रविवारी अख्खं गाव फावडी घेऊन आलं.

चर खोल गेला, जमीन गोठते त्याच्याही खाली. फक्त मधे एक काळा कातळ होता, तिथे फावडी नुसती वाजत राहिली. तेवढ्या भागात पाइप वरूनच नेला आणि त्याच्यावर पेंढा, जुनी कातडी, माती घातली. जेवताना मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं, "वाहतं पाणी इथे गोठणार नाही. पण थांबलं तर गोठेल. चावी कधीही बंद करायची नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या तोंडात मांस होतं.

नंतरचे आठवडे मला स्वप्नासारखे आठवतात. त्या बर्फाच्या मनोऱ्याच्या आत दुपारी उजेड शिरायचा आणि बर्फ आतून निळा व्हायचा. पाण्याचा आवाज इतका सतत होता की तो ऐकू येईनासा झाला. बायके कधीकधी कुरणावरून परत येताना त्याच्यासमोर थांबायचा, तळहात बर्फाला लावायचा, आणि मग घरी जायचा. नोवोसिबिर्स्कचं नाव त्याने काढणं सोडलं होतं. मीही काढलं नाही.

जानेवारीच्या ऐन कडाक्यात गावातले पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, एशिम अक्साकाल, गेले. त्यांचं घर मनोऱ्याला लागूनच होतं. उलार-बायकेला मेंढपाळी त्यांनीच शिकवली होती. सकाळी अंगणात मयताचा तंबू उभा राहिला. आत बायका भिंतीकडे तोंड करून हेल काढून रडत होत्या, बाहेरून येणारा प्रत्येक पुरुष लांबूनच "ओय, बोउरुम!" म्हणजे ‘अरे माझ्या भावा’, असा हंबरडा फोडत पुढे येत होता. माझ्याकडे चहाचं काम होतं. वाफ, धूर, रडणं, तळलेल्या पिठाचा वास. मी कपबश्या घेऊन ये-जा करत होते आणि काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. दुपारकडे सूर्य वर आला तेव्हा लक्षात आलं. मनोऱ्याकडे शांतता होती.

मी धावले. तुरा नव्हता. नळाच्या टोकाला बोटाएवढा बर्फाचा खुंट होता. चावी बंद होती, आणि उलार-बायके तिथेच उभा होता, कंबरेला शोकाचा पट्टा बांधून.

"कुणी केलं हे?"

"मी." तो दबक्या आवाजात म्हणाला. "इथे माणूस गेलाय आणि बाजूला बागेतल्यासारखं कारंजं उडतंय. लांबून आलेले पाहुणे काय म्हणतील? मयत आहे की लग्न?"

"बायके, मी सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतंस. वाटलं, लोकांचा पहिला लोंढा येऊन जाईपर्यंत. मग मी पुन्हा उघडली, तर..." त्याने चावी फिरवून दाखवली. पाइपने हूं की चूं केलं नाही.

त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. तो बर्फाकडे पाहत नव्हता. रस्त्याकडे पाहत होता.

"राहू दे गं," तो म्हणाला. "एवढा बर्फ कोकरं येण्याआधीच संपेल. मी एर्मेकला फोन करतो."

"आज नको करूस."

"आज काय, उद्या काय."

मी कातळाजवळ गेले आणि पाइपवर कान ठेवला. वर, चराकडून, अगदी बारीक कुरकुर येत होती. झऱ्याच्या बाजूने पाणी अजून येत होतं आणि वरच्या फटीतून बाहेर झिरपत होतं. म्हणजे गोठलं होतं ते फक्त कातळावरचं. तेवढं वितळवता आलं असतं, अंधार पडायच्या आत, बर्फाचं बूच आणखी घट्ट व्हायच्या आत. पण त्याला माणसं लागणार होती, आणि गावातला प्रत्येक माणूस मयताला आलेला होता. मयतावरून माणूस स्वतःच्या कामाला उठत नाही. तसं कुणी मागतही नाही.

मी सरळ तंबूत गेले. एशिम अक्साकालांची बायको, कुलीपा-आपा, काळ्या शालीत बसली होती. मी तिच्या कानाशी वाकले. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "आपा, पाणी थांबलंय."

तिने हेल मधेच तोडला. "बंद केलं कुणी? मला वाटलं माझे कान गेले."

"बायकेने. मान ठेवायला."

"गाढव आहे. म्हातारा महिनाभर त्या आवाजावर झोपायचा. औषधाने नाही झोपायचा, त्याने झोपायचा." मग तिने शाल सावरली आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "ज्यांचं रडून झालंय त्यांनी हिच्याबरोबर जा. दफन उद्या आहे, तोवर मी काही पळून जात नाही."

ओरोझाली-बायके कढयांपाशी पळी घेऊन उभा होता. "उकळतं पाणी? चहाचं पाणी? पाहुण्यांना काय बर्फ चोखायला देऊ?" असं म्हणत म्हणतच त्याने एका कढईखाली कोळसे सारले. तालाय-बायके कब्रस्तानातून आला होता. तिथे गोठलेली जमीन मऊ करायला त्यांनी सकाळपासून निखारे पसरले होते. तो म्हणाला, "निखारे आण म्हणालीस तर आणतो, टोपलीभर."

"नको. पाइप प्लास्टिकचा आहे, वितळून जाईल."

"मग मी काय करू? माझे हात आता फावडंसुद्धा उचलत नाहीत." तो कातळावर बसला आणि काम संपेपर्यंत तिथेच बसून राहिला. घोड्यावरून उतरलेला कप्तान फारसा कामाचा नसतो.

झुरा-आपाने घराघरांतून जुने नमदे आणवले. गरम पाण्यात बुडवायचे, पिळायचे, पाइपभोवती गुंडाळायचे, गार झाले की काढून दुसरे. कुठून सुरुवात करायची ते मी सांगितलं. खालच्या टोकाकडून, म्हणजे वितळलेल्या पाण्याला निघायला वाट राहते. वरून सुरू केलं तर पाणी मधेच अडकून पुन्हा गोठलं असतं. बायका उतारावर ओळीने उभ्या राहिल्या. वाफेत त्यांचे चेहरे दिसत नव्हते, नुसते हात दिसत होते, आणि मधूनमधून एक कोरडा खोकला ऐकू येत होता. खोकला आला की नमदे बदलायचे.

मी एक नमदा उचलून आत हात घालायला गेले, तर हातावर चापट बसली.

"बघू नकोस म्हटलं ना!"

"आपा, बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"कळेल तेव्हा सगळ्यांनाच कळेल."

मी ऐकलं नाही. दर थोड्या वेळाने पाइपला कान लावत राहिले, आणि त्यामुळेच मला कळलं की कातळाच्या वळणावर नमदे पोचतच नाहीयेत. तिथे पाइप दगडाला चिकटलेला होता. मी ओरडले. तेव्हा उलार-बायके पुढे आला. त्याने अंगातला कोट काढला, उकळत्या पाण्यात बुडवला आणि त्या वळणात हातांनी कोंबला. हात लाल झाले.

सूर्य कड्याला टेकला तेव्हा पाइपमधून ढेकर दिल्यासारखा आवाज आला. मग नळाच्या टोकातला खुंट सुटून खाली पडला. थोडी घाण, थोडा बर्फाचा चुरा, आणि मग पाणी. तुरा आधी वाकडा उडाला, मग सरळ झाला. तंबूतून हेलांचा आवाज पुन्हा चढला, आणि पाण्याचा आवाज त्याच्याखाली जाऊन बसला. बायके कोटाशिवाय उभा होता. मी माझी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने ती काढली नाही.

वसंत आला तेव्हा मनोरा हवा होता त्यापेक्षा बुटका होता आणि एका बाजूला झुकलेला. कोकरं जन्मू लागली त्या दिवसांत तो सतत ठिबकत होता, आणि खाली खणलेल्या तळ्यात पाणी साठत होतं. रोज किती साठतं ते मी मोजायचे. मोजून जूनपर्यंत पुरेल असं म्हणता येत नव्हतं. पुरणार नाही असंही म्हणता येत नव्हतं.

एके सकाळी रस्त्यावर धूळ दिसली. एर्मेकचा ट्रक होता, मागे जाळी लावलेला. तो खाली उतरला, हात हलवला. उलार-बायके तळ्यापाशी होता. मेंढ्या दाटीने पाण्यावर वाकल्या होत्या, कोकरं त्यांच्या पायांत घुसत होती. एर्मेक जवळ आला तरी बायकेने मान वळवली नाही.

"काय रे, भरायच्या ना?" एर्मेकने विचारलं.

"हळू बोल," बायके म्हणाला. "पाणी पितायत. जा, जिबेककडे चहा घे, आणि सावकाश परत जा. रस्ता उताराचा आहे."