हिरामणच्या बापाचं नाव

परेश म्हात्रेच्या कादंबरीत शेवटच्या पानावर हिरामण तांडेल दिघीहून होडी घेऊन निघतो आणि कादंबरी संपते. माणूस परतत नाही, मढंही सापडत नाही. समीक्षकांनी याला 'खुला शेवट' म्हटलं. वाचकांनी फसवणूक म्हटलं.

"सर, दुसऱ्या भागात हिरामण परत आला नाही तर तुमचं पुस्तक रद्दीत," असं ठाण्याच्या प्राप्तीनं मेलवर कळवलं. एकाला हिरामण दुबईत शेठ झालेला हवा होता. निर्माता दिपेश सरळ बोलला, "हिरो बुडाला तर पार्ट टूमध्ये नाचणार कोण? जिवंत करा, लगेच करार करू." किहीमच्या घरात बसून परेश सगळ्यांना एकच उत्तर देई: विचार चालू आहे. चालू काहीच नव्हतं, पण सिनेमाचा मोह सुटत नव्हता.

मग हिरामणचाच मेल आला. "मालक, पान्यात लई गार लागतंय. कडंला तरी घ्या, न्हायतर बुडवून टाका."

कुणीतरी टवाळ असणार, म्हणून परेशनं 'छान' एवढंच कळवलं. दुसऱ्या मेलमध्ये होतं, "माज्या पोरीच्या हनुवटीवर गळ लागल्याची खूण व्हती. ती का पुसलीत?"

ती ओळ परेशनं पहिल्या खर्ड्यातच खोडली होती. तो खर्डा बायकोनंही वाचला नव्हता. अर्थात, तिनं छापील पुस्तकही वाचलं नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी ओटीवर ओली पावलं दिसू लागली. येणारी. जाणारी नाहीत.

मासळी घेऊन येणारी कमळ ती पाहून टोपलीसकट मागे सरकली. "कोन बुडालाय तुमचा?"

परेशनं सांगितलं.

"दादा, मढं गावलं न्हाय तर दर्भाचा पुतला करून जालतात. तवा मानूस सुटतो. तुमी तसाच लटकवून ठेवलाव?"

"अगं, पुस्तकातला आहे तो."

"त्याला कुठं ठावं हाय?"

पावलं उंबऱ्याच्या आत आली त्या सकाळी परेशनं दिपेशला फोन केला. "हिरामण मेला. पार्ट टू नाही."

"सर, निदान कोमात तरी ठेवा!"

परेशनं फोन ठेवला आणि भटजींना घेऊन किनारा गाठला. दर्भाचा पुतळा वाळूवर निजवला. दर्भ वाळलेला होता, तरी पुतळ्याखालची वाळू भिजत चालली.

"मृताचं नाव?"

"हिरामण."

"वडिलांचं?"

तीनशे पानांत परेशनं हिरामणला बाप दिलाच नव्हता. एकाही समीक्षकाच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"अहो, बापाच्या नावाशिवाय पिंड कुणाला पोचायचा?"

"बुधाजी," परेश म्हणाला. तोंडात आलं ते त्याच्या स्वतःच्या बापाचं नाव होतं.

पुतळा भडाभडा पेटला. बुधाजी म्हात्र्यांना मुलगा एकच, हे परेशला राख पाण्यात सोडताना आठवलं.

हिरामणचे मेल बंद झाले. ओटी कोरडी झाली. संध्याकाळी दिपेशचा मेल आला: "सरांच्या निधनानं धक्का बसला. हक्कांबाबत कुटुंबीयांनी कळवावं."

परेशनं हाक मारली. बायको समोरून कपडे घेऊन गेली, थांबली नाही. त्यानं घाईघाईनं प्राप्तीला लिहिलं, "मी जिवंत आहे."

तिचं उत्तर लगेच आलं. "गेलेल्या माणसाच्या नावानं मेल करता, लाज नाही वाटत? सर असते तर त्यांनी दुसरा भाग नक्की लिहिला असता."

आयुष्यात पहिल्यांदाच परेशला वाचकाचं म्हणणं खोडता येईना.