बंद दाराआडचा डावा हात

मास्तरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा डावा हात लुळा पडला. ज्या माणसाने उभ्या जन्मात हॉलभर लोकांना ऑर्गनवर नाचवलं, त्याच्या शर्टाची बटणं आता मी लावत होते. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे महिनेच काय ते महत्त्वाचे, हाताचा व्यायाम चुकवू नका.

पुढे एकदा मास्तरांनी घरातला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन सुरू केला. "दार लोटून घे. कुणी बघितलं की बोटं बुजतात," म्हणाले. मी बाहेर गिऱ्हाइकाचे पडदे शिवत बसले होते. उजव्या हाताची चाल ऐकू आली आणि तिच्याखाली डाव्या हाताचे जाड सूर, एकेक, चाचपडत. माझं मशीनच थांबलं. मग रोज ते सूर जरा जरा जलद होत गेले. कधी ठेका बदलायचा, कधी वॉल्ट्झची गिरकी यायची. मी हवेत होते. नणंदेचा फोन आला की मी तो सरळ खोलीकडे धरायचे, "ऐका, तुमच्या भावाचा डावा हात." व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीला मीच सांगून टाकलं, आता येऊ नकोस गं, ऑर्गनच करून घेतोय व्यायाम.

आज दुपारी आतून जोराचा ठसका ऐकू आला. चाल तुटली. डावा हात मात्र चालूच. मी पाण्याचा पेला घेऊन आत धावले.

मास्तर उजव्या हाताने छाती धरून खोकत होते. डावा हात मांडीवर होता, सकाळी मी ठेवला तसाच. आणि ऑर्गन वाजत होता. एकही पट्टी दबलेली नव्हती आणि तो तालात, एक सूरही न चुकता वाजत होता. पेला कुठे ठेवला ते आठवत नाही.

"साथ यंत्राची आहे," ठसका थांबल्यावर ते म्हणाले. "उजव्या हाताने डावीकडची एक पट्टी दाबून सोडायची. दुसरी दाबेपर्यंत ते तेच वाजवत राहतं. ड्रमचा आवाज तेवढा बंद केला मी."

"आणि ते चाचपडणं?"

"वेग कमी ठेवला होता. रोज थोडा वाढवला."

दिवसभर मशीन चालवणारी बाई मी, आणि मला मशीन ओळखू आलं नाही. राग असा आला की ऑर्गनची वायर उपटून फेकावी.

"त्या मुलीला नको म्हटलं मी. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंत."

"तू फोनवर हसत होतीस," ते म्हणाले. "झटक्यानंतर पहिल्यांदाच."

"म्हणून हात घालवायचा?"

मी ऑर्गन बंद केला. बाहेर येऊन त्या मुलीला फोन लावला.

"काकू, बोला ना. काका काय म्हणतात? वाजवतायत ना अजून?"

सवयीने माझा हात फोन घेऊन खोलीकडे वळला.

"काकू?" ती म्हणत होती. "काहीच ऐकू येत नाहीये."