जोरात धावणारं मीटर

नवरा वारल्यापासून लिंबोणीची बाग धाकटी सून एकटीच बघत होती. बाग सासऱ्यांनी लावलेली. बांधापलीकडची बाग थोरल्या दिराची, आणि दीर पाणी संस्थेचा अध्यक्ष.

ऐन उन्हाळ्यात, फळं सुपारीएवढी झाली असताना, संस्थेचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं तिच्या व्हॉल्व्हला सील ठोकलं.

"तुमच्या वाट्याचं पाणी संपलं," तो नजर चुकवत म्हणाला. "मीटर तसं दाखवतंय."

"मी हात आखडूनच पाणी देते. मीटरच बिघडलंय."

"ते अध्यक्षांना सांगा."

दीर अंगणात दाढी करत होता. आरशातूनच तो म्हणाला, "मीटरवाल्याकडून तपासून घे. तोवर सील निघणार नाही."

"दादा, तोवर झाडं वाळतील."

"तुला सवलत दिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

मीटरवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. पानं वळली, फळं गळायला लागली. धाकटी घरच्या नळाचं पाणी बादलीनं नेऊन घालायची. सासरे खुर्चीत बसून कुठल्या झाडाला घालायचं ते सांगायचे. ज्यांचं नाव ते घेत नसत, ती झाडं तिनं सोडून दिली.

मीटरवाला आला तेव्हा निम्मी बाग गेली होती. त्यानं मापाच्या टाकीत पाणी सोडून पाहिलं, पुन्हा सोडून पाहिलं.

"हे जोरात धावतंय. शंभर लिटर सोडले की एकशे चाळीस दाखवतं. तुमच्या वाट्याचं पाणी तुम्हाला पुरतं मिळालंच नाही, बाई."

तिला इतकं हलकं वाटलं की त्याला चहा द्यायचंही भान राहिलं नाही. त्याला घेऊन ती थेट संस्थेच्या बैठकीला गेली.

दिरानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुझं मीटर बिघडलेलं होतं, हे तुला मान्य आहे?"

"तेच तर सांगतेय मी."

"मग नियम तुला ठाऊक असेल. मीटर बरोबर ठेवणं ही पाणी घेणाऱ्याची जबाबदारी. बिघडलेल्या मीटरवर पाणी घेतलं तर पुढचा हंगाम पाणी बंद."

"पण ते जास्त दाखवत होतं. नुकसान माझं झालंय."

"जास्त की कमी, असं नियमात काही नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "बाई स्वतःहून कबुली द्यायला आल्या."

ती हसणाऱ्याकडे वळली. "मग सगळ्यांचीच मीटर तपासा. हा माणूस इथंच उभा आहे."

मीटरवाला घसा खाकरून म्हणाला, "येताना अध्यक्षांचं पाहिलं मी. पाणी धो धो चाललंय आणि काटा पेंगतोय."

दिरानं मान डोलावली.

"सूचना चांगली आहे. पण मला वाटतं, हा नियमच जाचक आहे. उद्यापासून रद्द करू. आजवर कबूल झालेली प्रकरणं तेवढी जुन्या नियमानं. हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. तिच्या बाजूला बसलेल्या बाईचाही. मीटरवाल्यानं पिशवी उचलली आणि तिच्याकडे न बघताच निघून गेला.

घरी सासऱ्यांनी विचारलं, "सुटलं पाणी?"

तिनं झालं ते सांगितलं. ते गुडघा चोळत म्हणाले,

"थोरल्याला देऊन टाक बाग."

"बाबा, त्यांनीच झाडं मारली."

"मारली. पण उरलेली तोच जगवेल. तुझ्याच्यानं ते होणार नाही."

सातबारा सासऱ्यांच्याच नावावर होता. तिला सांगितलं, एवढंच; बाग थोरल्याकडे गेली. त्याच आठवड्यात सील निघालं, नवं मीटर बसलं आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत पाणी साचलं.

पुढच्या बहराला तोडणीला माणसं कमी पडली, तेव्हा दिरानं तिला रोजावर बोलावलं. ती गेली. सासरे सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लिंबं केवढी झालीत ते दाखवत होते. तिची टोपली भरली तशी त्यांनी टोपलीतलंच एक लिंबू उचललं.

"बघ," ते तिला म्हणाले, "पाणी मिळालं की कशी होतात."