पाट्यांची भिंत

मला कुणी शहाणपणा शिकवू नये. छावणी भागातल्या लोकर कोठीत बावीस पोरींचा सैपाक मी एकटी करते, आन् यंदा तर एक डोळा तव्यावर, एक डोळा भिंतीवर ठेवून करते.

कोठी शंभर वर्षांवरची, दगड-चुन्याची. मूलबाळ नसलेल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्यानं मरताना ती आमच्या मेंढपाळ बंधुसंघाला लिहून दिली. संघानं तिथं पोरींचं वसतिगृह काढलं. ज्यानं देणगी दिली त्याच्या गेलेल्या माणसाच्या नावाची संगमरवरी पाटी मागच्या भिंतीवर सिमेंटानं बसवायची, असं ठरलं. शंभरावर पाट्या झाल्या. त्यात एक माझ्या अंगदची. एकोणीस वर्षांचं पोर तापानं गेलं, तवा मेंढ्या इकून लावलेली. रोज चहा टाकायच्या आधी मी ती पदरानं पुसते.

यंदा त्या भिंतीला पोट आलं, मधनं फुगून भेग पडली. संघानं जुन्या इमारती दुरुस्त करणारी इंजिनेर बोलावली, उस्मानपुऱ्याची सुलेखा. तिनं भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. म्हणाली, "मावशी, ही तडकली की समजायचं, भिंत हललीय. लगेच फोन करा."

झालं! जिवाला घोर लावून गेली बया. कणीक मळता मळता उठायचं, बघायचं. भाकरी थापताना पुन्हा बघायचं. पाचव्या दिवशी बघते तर काच तडकलेली. आधी सुलेखाला फोन लावला. पोरींच्या गाद्या मीच ओढत पुढच्या दालनात नेल्या.

सुलेखानं येऊन संघपाल गवंड्याकडनं टेकू लावून घेतले. संघाची बैठक कोठीच्या अंगणातच भरली. ती सरळ बोलली, "पाट्या काढाव्या लागतील. सगळ्या. चुन्याच्या भिंतीतली ओल सिमेंटामुळं आत कोंडलीय, चुना भुसभुशीत झालाय. आता नाही काढल्या तर भिंत जाईल, आणि तिच्यावरचं छतही."

"काढताना फुटल्या तर?" मी इचारलं.

"बऱ्याच फुटतील, मावशी."

अध्यक्ष बद्रीनाथअण्णा ताडकन उठले. "माझ्या बापाच्या नावाला हात लावला तर खबरदार!" मग काय, जो तो आपल्या बापाचं, आज्याचं नाव घेऊन भांडाया लागला. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. भांडा म्हणलं मेल्यांनो, तवर माझा अंगद हाय तिथं राहील.

सैपाकघरात गेले तर अजिंठ्याकडची ज्ञानेश्वरी पेटी भरत बसलेली.

"कुठं निघालीस गं?"

"कोठी पडणार असं बाबांनी ऐकलंय. उद्या न्यायला येतायत. गावाकडं गेले की लगीन लावतील, मावशी." बारावीचं पोर, रडत पण नव्हती. घड्या घालत व्हती नुसती.

ही एक गेली की बाकीच्यांचे बापही येतील. तशीच अंगणात आले. "बास करा की! संघपाल, छन्नी आण. पयली माझ्या पोराची काढ."

संघपाल गवंड्यानं एकदा सुलेखाकडं बघितलं आन् शिडी लावली. छन्नी हळूहळू चालली, पण प्रत्येक ठोका माझ्या काळजात बसायचा. फुटू नको रं राजा, फुटू नको, असं पुटपुटत मी खाली उभी. अन् कडकन् आवाज झाला. तीन तुकडे.

"मुडद्या, हात हाय का काय तुझा!" मी ओरडले, मग तोंडात पदर कोंबला. संघपालला बिचाऱ्याला मान वर करवंना.

पाटीच्या मागं चुना नव्हता, नुसता गाळ व्हता. बद्रीनाथअण्णांनी शिडीवर चढून मूठभर बाहेर काढला. बोटांतून पाणी गळालं. हातातला चिखल त्यांनी सगळ्यांपुढं धरला. मग म्हणाले, "आता बापाची घे."

त्यानंतर कुणी ओरडलं नाय. एकेक पाटी उतरत गेली, काही साबूत, काही फुटून. भिंत तशी अजून पोट काढूनच उभी व्हती. ती वाळंल का, टिकंल का, सुलेखालाही सांगता येत नव्हतं.

ज्ञानेश्वरी कधी बाहेर आली कळलं नाय. खाली बसून ती अंगदच्या पाटीचे तुकडे एकाला एक लावत व्हती.

"मावशी, अंगद कोण व्हता?"

अकरा वर्षं पाटी भिंतीवर व्हती. किती पोरी तिच्यापुढनं आल्या, गेल्या. कुणी कधी इचारलं नव्हतं. मी तिथंच चुन्यात फतकल मारून बसले.

"माझा पोरगा," म्हणाले. "लई खोडकर व्हता बघ..." आन् सांगतच गेले.