तेरा दिवस उशिरा येणारी बरणी

कोसाराने लाकडी चमचा दोन्ही हातांत धरला आणि पातेल्याच्या बुडापर्यंत दाबला. गहू, मका आणि घेवडा पहाटेपासून एकत्र शिजत होते. आता त्यांचा असा घट्ट गोळा झाला होता की चमचा हलता हलेना.

“तळ खरवड, तळ,” खुर्चीतून पेर्सिदामावशी म्हणाली. “वरवर गोंजारून काय होतंय?”

“ढवळतेय की.”

“पत्रिकेतले ग्रह ढवळतेस तसं नको. हे लोकांना खायचंय.”

मावशी ब्याऐंशीची. गेल्या महिन्यात अंगणात घसरून उजवं मनगट मोडून घेतलं होतं आणि प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून सकाळपासून हुकूम सोडत होती. संत वारवारेचा सण म्हणजे सतरा डिसेंबर. त्या दिवशी घरातलं सगळं धान्य एका पातेल्यात शिजवायचं, थाळ्यात ओतून थिजू द्यायचं आणि वरच्या सायीवरून येणारं वर्ष वाचायचं, ही बनात प्रांतातल्या सर्बियन घरांची जुनी रीत. “यंदा माझ्याच्याने ढवळवत नाही, तू ये,” असं मावशीने फोनवर सांगितलं, तेव्हा कोसाराला नाही म्हणवेना. ती नोवी सादहून पहिल्या बसने आली.

एरवी ती उन्हाळ्यातच यायची. डिसेंबरात उलट मावशीकडून याच धान्याची बरणी यायची, बस ड्रायव्हरच्या हाती, झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली: ‘वाढदिवसाची.’ कोसाराचा वाढदिवस चार तारखेचा. बरणी दर वर्षी सतरा-अठराला पोचायची. मावशीला तारखा काही लक्षात राहत नाहीत, असं कोसारा सगळ्यांना हसत हसत सांगायची.

यंदाच्या चार तारखेला मात्र हसण्यासारखं काही घडलं नव्हतं. पियानोचे सूर लावणारा वेलिमीर केक घेऊन आला होता. मेणबत्ती विझवून झाल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. चौदा वर्षं तो दर वाढदिवसाला हेच विचारत आला होता आणि कोसारा दर वर्षी तेच उत्तर देत आली होती.

“माझ्या सातव्यात मंगळ आहे, वेल्या.”

“असू दे ना. आपण तिघं राहू.”

यावर दोघं हसायची आणि विषय संपायचा. या वेळी तो हसला नाही. त्याची मुलगी ऑस्ट्रियात, लिंत्सला राहते, ती त्याला कधीची बोलावत होती. बावीस तारखेचं तिकीट काढलंय, परतीचं काढलेलं नाही, एवढं सांगून त्याने केक कापला. कोसाराने तिचा तुकडा तसाच ठेवला.

तिला तो हवा होता, यात शंका नव्हती. हवा होता म्हणूनच ती नाही म्हणत होती. पंचविसाव्या वर्षी तिचं स्रेतेनशी लग्न झालं आणि चौथ्या महिन्यात तिसा नदीत होडी उलटून तो गेला. तेव्हा ती एका साप्ताहिकात राशिभविष्य लिहायची. बारा राशींना बारा गोड वाक्यं. त्यानंतर तिला एकही वाक्य लिहिता येईना. हे असं का झालं, याचं उत्तर कुणाकडे तरी असेलच, या हट्टाने ती शोधत राहिली आणि चार वर्षांनी नाशिकला, गोदावरीच्या काठी राहणाऱ्या दीक्षित गुरुजींसमोर जाऊन बसली.

गुरुजींनी पत्रिका मांडली. मीन लग्न, सातव्या घरात मंगळ. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, “यजमान गेले का हो?”

कोसारा तिथेच रडली. मग तिथेच राहिली, साडेतीन वर्षं. संस्कृत शिकली, पहाटे उठायला शिकली, हाताने भात खायला आणि बोटांच्या पेरांवर मोजायला शिकली. आज बेलग्रेडपासून सोफियापर्यंत लोक तिच्याकडे पत्रिका घेऊन येत होते आणि ती त्यांना खरंच धीर द्यायची. स्वतःपुरतं मात्र नाशिकहून तिने एकच गोष्ट आणली होती, आणि ती कुणाला कधी बोलून दाखवली नव्हती. स्रेतेनला नदीने नेलं नव्हतं. त्याला तिच्या पत्रिकेने नेलं होतं. आता वेल्याला तिच्या घरात येऊ द्यायचं म्हणजे दुसरी होडी पाण्यात लोटण्यासारखं होतं.

“झालं. ओत आता,” मावशी म्हणाली.

कोसाराने धान्य थाळ्यात ओतलं आणि थाळा खिडकीत गार करायला ठेवला. मावशीने एका हाताने टेबलावर पीठ भुरभुरवलं. भाकऱ्या अजून व्हायच्या होत्या. मग मान लांब करून तिने थाळ्याकडे पाहिलं. साय धरू लागली होती. मधोमध दाराच्या दिशेने एक बारीक तडा पडला होता.

कोसारालाही तो दिसला. तडा दाराकडे गेला तर घरातून माणूस जातो, इतकं तिला लहानपणापासून माहीत होतं. मावशी उठली, चमच्याच्या पाठीने सायीवरून एक हात फिरवला आणि परत खुर्चीत बसली.

“मावशी! असं चालतं?”

“माझा थाळा, माझा चमचा. पन्नास वर्षं चालवतेय.”

“मग वाचायचं कशाला?”

“वाचायला मजा येते म्हणून. एकदाच वाचता आलं नाही, तू झालीस तेव्हा. तुझ्या आईने अशी बोंब ठोकली की मी चमचा टाकून धावले. इकडे पातेलं करपून कोळसा. तुझी आजी म्हणाली, जाऊ दे, वर्षभराचं काय ते हीच सांगेल.” मावशी खुदखुदली. “आणि तुझा बाप! मुलगी झाली म्हणून संध्याकाळी जो प्यायला, तो घरी येताना खड्ड्यात. मी कंदील घेऊन शोधायला गेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, आणि हे महाराज खड्ड्यात पडून गाणं म्हणतायत.”

कोसारा हसत होती. हसता हसता थांबली.

“अंधार कसा असेल? त्या रात्री पौर्णिमा होती.”

“कसली पौर्णिमा?”

“मावशी, मी पौर्णिमेची आहे. माझ्या पत्रिकेत चंद्र पूर्ण आहे. ढग असतील.”

“ढग बिग काही नव्हते. आभाळ चांदण्यांनी भरलं होतं. चंद्राचा पत्ता नव्हता म्हणून तर कंदील न्यावा लागला. मला सांगतेस? पाय माझा मुरगळला होता.”

कोसाराने हातातलं फडकं खाली ठेवलं. तिचं डोकं आपोआप हिशेब करू लागलं होतं.

“पातेल्यात काय होतं? मी झाले तेव्हा?”

“हेच. दुसरं काय असणार? वारवारेचा सण होता.”

“म्हणजे सतरा तारीख.”

“मग! दर वर्षी बरणी पाठवते ती काय उगाच? चिठ्ठीसुद्धा लावते.”

“माझ्या कागदावर चार डिसेंबर आहे, मावशी.”

मावशीने डाव्या हाताने कपाळावर मारून घेतलं.

“लाजोश! अगं बाई, लाजोश कारकून! गावच्या कचेरीत नोंद तोच करायचा. हंगेरियन, कॅथलिक, पण देवमाणूस. तुझ्या बापाने नव्या वर्षात कधीतरी डोकं धरून जाऊन सांगितलं असणार, वारवारेच्या दिवशी झाली. तारीख बिरीख त्याला कधी सांगता आली? आणि लाजोशची बायको बोर्बाला, म्हणजे त्यांच्या भाषेतली वारवाराच, तिच्या नावाचा सण तो कसा विसरेल? लिहिली त्याने त्यांची वारवारा. संत एकच, पण पंचांगं वेगळी. त्यांची चारला, आपली सतराला.”

“आणि बाबांनी वाचलं नाही?”

“तुझ्या बापाला छापील ते सगळं खरं वाटायचं. तुझी आई गेली, तुला घेऊन तो शहरात गेला. नंतर त्याला सांगणारं कोण होतं?”

कोसारा टेबलाशी बसली. भुरभुरलेल्या पिठात तिने बोटाने चौकोन काढला, कर्ण काढले, बारा घरं पाडली. तेरा दिवस म्हणजे लग्न पुढच्या राशीत सरकलं. मीनेचं मेष झालं. चंद्र अमावास्येच्या तोंडाशी गेला. मंगळ कन्येतच होता, पण मेषेपासून कन्या सहावी. तिने पेरांवर दोनदा मोजलं. सातवं घर रिकामं होतं.

ती त्या रिकाम्या घराकडे पाहत राहिली. पंचवीस वर्षं छातीवर ठेवलेलं जड काहीतरी कुणी न बोलता उचलून बाजूला ठेवावं, तसं तिला झालं. स्रेतेनला तिने नेलं नव्हतं. त्या दिवशी वारा होता आणि होडी जुनी होती, एवढंच. ती तोंडावर हात ठेवून रडू लागली आणि तिला मनापासून बरं वाटत होतं.

मावशीने तिला रडू दिलं. मग विचारलं, “नवऱ्याचं मनाला लावून घेतलं होतंस ना?”

“गुरुजींनी पत्रिका पाहून बरोबर सांगितलं होतं, मावशी. चुकीच्या पत्रिकेवरून कसं सांगितलं असेल?”

“तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. मलासुद्धा वाचता यायचं, मी कुठे नाशिकला शिकले?”

कोसाराला एकदम आठवलं. गुरुजींनी त्या दिवशी आधी विचारलं होतं, तारीख पक्की ना? सरकारी कागद आहे, असं तिने ठासून सांगितलं होतं. गुरुजी हसले होते. आमच्याकडे सरकारी कागदावर निम्मा गाव एक जूनला जन्मतो, म्हणाले होते, पण तुमच्याकडचे कागद चुकत नसतील. त्या आठवणीने तिला रडता रडता हसू फुटलं.

तिने डोळे पुसले, पिठावर वाकली आणि लग्नाच्या घरात बोटाने अंश लिहिला. “दुपारी एकची वेळ. मेष लग्न आताच लागलेलं.”

“एक कुणी सांगितलं?”

“कागदावर आहे.”

“हं,” मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

“मावशी, किती वाजता झाले मी?”

“उजेड होता.”

“उजेड म्हणजे?”

“म्हणजे दिवस होता, बाई. घरातलं घड्याळ आजोबा गेल्यापासून बंद. लाजोशने वेळ विचारली असणार आणि तुझा बाप एकला जेवायचा. सांगितलं असेल एक. दहासुद्धा वाजले असतील, तीनसुद्धा. मी काय चमचा बघू, पातेलं बघू, का घड्याळ बघू?”

कोसाराचं बोट पिठावर तसंच राहिलं. दहा म्हटलं तर लग्न वेगळं, तीन म्हटलं तर आणखी वेगळं. मंगळ घराघरांतून फिरत होता. आठव्यात, पाचव्यात, कदाचित परत सातव्यातही. नेमकं कुठे, हे आता कुठल्याच कागदाला सांगता येणार नव्हतं. आत्ता उचललं गेलेलं ओझं परत छातीवर येऊन बसेल म्हणून ती श्वास रोखून थांबली. ते आलं नाही. स्रेतेन त्याच्या जुन्या होडीसकट तिच्यापासून मोकळा झाला होता, आणि त्याला परत या चौकोनात ओढून आणायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

“टेबल मोकळं करतेस का?” मावशी म्हणाली. “भाकऱ्या करायच्यात.”

कोसाराने खिडकीतल्या थाळ्याकडे पाहिलं. मावशीने चमचा फिरवलेली साय एकसारखी थिजली होती. तिने तळहात टेकवला आणि बाराही घरांवरून एकदाच फिरवला. मग पिठाच्या हातानेच फोन घेतला.

वेलिमीरने लगेच उचलला. मागे कुठल्यातरी पियानोची एकच पट्टी पुन्हा पुन्हा वाजत होती.

“वेल्या, आज माझा वाढदिवस आहे.”

पट्टी थांबली. “आणि मी केक आणला होता तो कुणाचा होता?”

“लाजोश कारकुनाच्या बायकोचा.”

“कोसा, तू प्यायली आहेस का?”

“नाही. मावशीकडे आहे. दीडची बस आहे, तीनपर्यंत पोचशील. धान्य तोवर गरम नसेल, पण चालतं.”

पियानोचं झाकण मिटल्याचा आवाज आला. मग त्याने चौदा वर्षांची ती जुनी चेष्टा केली, पण आवाज चेष्टेचा नव्हता. “आणि मंगळ? तो कुठे आहे?”

कोसाराने टेबलाकडे पाहिलं. तिथे आता कणकेचा गोळा होता.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “तू ये.”

मावशीने डाव्या हाताने फळीवरून तिसरा वाडगा काढला.