एक दशांश मालकीण

पेई शान सिंगापूरच्या गेलांग भागातल्या एका जुन्या फ्लॅटची एक दशांश मालकीण होती. म्हणजे हिशेबाने न्हाणीघर आणि फार तर बाहेरचं पायपुसणं. आजोबांनी मृत्युपत्रात दोन्ही मुलांना पंचेचाळीस-पंचेचाळीस टक्के दिले आणि उरलेले दहा या नातीला, कारण ती त्यांना पेपर वाचून दाखवायची. मुलीला, म्हणजे गेक लान आत्याला, काहीच नाही. ती काय, लग्न होऊन परक्या घरी जाणार! मृत्युपत्र झालं तेव्हा आत्या पन्नाशी ओलांडून गेली होती आणि म्हाताऱ्याचं पथ्यपाणी, गोळ्या, अंघोळ सगळं तीच बघत होती. पण म्हातारा मोठा आशावादी.

या दहा टक्क्यांची आठवण घरात कुणालाच राहिली नव्हती. सरकारला मात्र होती. पेई शान आणि क्वान हाओ यांनी लग्नाआधी पासिर रिसला तेरा लाख डॉलरचा फ्लॅट पसंत केला, तेव्हा वकीलबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तुमचं आधीच एक घर आहे."

"घर? अहो, दहा टक्के आहेत!"

"घर म्हणजे घर. आणि दुसऱ्या घराला नेहमीच्या स्टॅम्प ड्युटीवर वीस टक्के जादा."

"मग त्या दहा टक्क्यांत मी राहू कुठे? संडासाच्या टाकीवर?"

"ते सरकार विचारत नाही," वकीलबाई म्हणाल्या. आणि हा जादा कर तिच्या निम्म्या वाट्यावर नव्हता, अख्ख्या तेरा लाखांवर होता. दोन लाख साठ हजार डॉलर. सिंगापूरचा कायदा पाहा कसा समतेचा पुजारी! बंगलेवाला शेटजी आणि न्हाणीघरवाली पेई शान, दोघांना एकाच पंगतीला बसवतो आणि एकाच डावाने वाढतो.

दोन लाख साठ हजार दोघांकडे नव्हते. क्वान हाओच्या आईला मात्र लगेच तोडगा सुचला, आणि तो नेमका तिच्या मुलाच्या सोयीचा निघाला.

"लग्नाच्या आधी हाओच्या एकट्याच्या नावावर घ्या की! त्याचं पहिलंच घर, जादा कर नाही. तुझं नाव दारावरच्या पाटीवर लावू गं. छान मोठ्या अक्षरात."

पेई शानने क्वान हाओकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता.

"निम्मे पैसे माझे आणि नाव एकट्या तुझं?" खाली उतरल्यावर तिने विचारलं.

"कागदावरच फक्त."

"करसुद्धा कागदावरच आहे. भर की मग."

त्याने पुन्हा मोबाइल काढला, आणि याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला. आठ वर्षं या माणसाबरोबर काढली आणि हा आईसमोर आठ शब्द बोलू शकत नाही! आपलं नाव नसलेल्या घरात आपण पाऊल ठेवणार नाही, एवढं तिने ठरवून टाकलं. लग्न मोडलं तर मोडलं.

रविवारी गेलांगच्या फ्लॅटवर, जिथे आत्या राहायची, सगळे जेवायला जमले. पेई शानने भात वाढून घ्यायच्या आतच विषय काढला.

"काका, माझे दहा टक्के तुम्ही घ्या. फुकट घ्या."

बून केंग काकांनी वाफवलेल्या माशाचा डोळा तोंडात टाकला. "अगं, माझा स्वतःचा फ्लॅट आहे. तुझा वाटा घेतला की मलाच वीस टक्के बसतील. तुझं फुकट मला महागात पडेल!"

"बाबा, मग तुम्ही?"

"माझंही तेच ना," बाबा पुटपुटले. बाबांचं नेहमी काकांसारखंच असायचं.

"मग सगळा फ्लॅटच विकून टाकू."

"वेड लागलंय का?" काका उसळले. "बिल्डर सगळी इमारत घेणार आहे. दुप्पट भाव देईल!" हा बिल्डर पेई शान शाळेत होती तेव्हापासून येणार होता.

"आणि तो आला की आत्याने कुठे जायचं?"

"बघू काहीतरी. एखादी खोली भाड्याने घेऊन देऊ," काका म्हणाले. आत्या त्याच वेळी त्यांच्या वाटीत सूप वाढत होती. तिने एक थेंब सांडला नाही.

पेई शान तिच्याकडे बघत राहिली. ज्या देशात चहावाल्याच्या नावावरही घर असतं, तिथे बिनघराचा माणूस आता आणायचा कुठून, या विचारात ती होती. आणि ही बाई समोर पळी घेऊन उभी!

"आत्या, तुझ्या नावावर घर आहे?"

"माझ्या नावावर? बसचा पास आहे."

"मग माझा वाटा तू घे. तुला जादा कर लागणारच नाही."

काकांच्या घशात काटा अडकल्यासारखं झालं. "हे बाबांच्या इच्छेविरुद्ध आहे!"

"आजोबांनी मला दिलं, मी हिला देते. यात त्यांची इच्छा कुठे मोडली?"

"उद्या बिल्डर आला तर हिची सही लागेल!"

"लागेल ना. तेव्हा हिच्यासमोर बसा आणि नीट विचारा."

आत्याने पळी खाली ठेवली. "शान, तू मला दान करत नाहीयेस. तुझी अडचण माझ्या गळ्यात मारतेयस."

पेई शानला लाज वाटली, कारण ते अगदी खरं होतं. एवढ्या वर्षांत आत्याला काही द्यावं असं तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. दोन लाख साठ हजार वाचणार म्हटल्यावर आलं. "हो, आत्या," ती म्हणाली.

"मार मग," आत्या म्हणाली. "कधी कुठे सही करायची ते सांग."

तीन आठवड्यांत कागद झाले. क्वान हाओच्या आईने 'मी तर तुमच्या भल्यासाठीच म्हणाले होते' असं सांगून फळांची पेटी पाठवली. क्वान हाओने माफी मागितली, आईच्या देखत आणि चांगल्या आठापेक्षा जास्त शब्दांत.

पासिर रिसच्या विक्री कार्यालयात दोघं सह्या करायला गेली, तेव्हा आत्याही हट्टाने बरोबर आली. दोघं कागद चाळत असताना टाय लावलेला विक्रेता आत्याशेजारी येऊन बसला.

"आंटी, तुम्हालाही एक दाखवू? एका माणसापुरता छोटासा. पहिलं घर असेल तर कर अगदी कमी."

"पहिलं नाही," आत्या म्हणाली. "माझं घर आहे."

"अरेरे! मग वीस टक्के जादा पडतील हो आंटी."

आत्याचे कान तसे तिखट. दोन घरांपलीकडची कुजबुज तिला ऐकू यायची.

"काय म्हणालास?"

"तुमचं आधीच घर आहे ना, म्हणून वीस टक्के जादा भरावे लागतील."

आत्या खुर्चीत ताठ बसली. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"परत सांग," ती म्हणाली. "जरा मोठ्याने सांग. माझ्या भाचीला ऐकू जाऊ दे."