पट एक, हजर एक

दबोरानं हजेरीचा कॅटलॉग स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला, पेनाचं टोपण दातात धरून काढलं आणि मोठ्यानं पुकारा केला, "रोझी बन्यामीन आढाव!"

"हजर, बाई," समोरच्या स्टुलावरून रोझी म्हणाली.

भिंतीला टेकवलेल्या फळ्याच्या कोपऱ्यात रोजच्यासारखं लिहिलेलं होतं: पट १, हजर १. तारीख तेवढी बदलायची. एका पोरीची हजेरी ती काय घ्यायची, ती गैरहजर राहून जाणार कुठं, असं म्हणून शेजारपाजारचे हसत. हसोत बापडे. दबोरानं बारा वर्षं दौंडातल्या एका शाळेत बाई म्हणून काढलेली. हजेरीवाचून शाळा म्हणजे तिच्या लेखी मिठावाचून आमटी. सकाळी साडेसातला प्रार्थना, मग हजेरी, आणि दुपारी बारापर्यंत ती 'बाई'. तेवढ्या वेळात रोझीच्या तोंडून चुकून 'मम्मी' निघालं, की ती लगेच टोकायची, "शाळेत मम्मी नसते."

हजेरीची रेघ मारायला तिनं पेन टेकवलं, तेवढ्यात दार वाजलं. पहाटे फर्स्ट शिफ्टला कुरकुंभच्या कारखान्यात गेलेला तिचा नवरा बन्यामीन दारात उभा, आणि हातात भरलेला डबा तसाच.

"शटडाऊन!" बूट काढता काढता तो म्हणाला. "मेंटेनन्स काढलाय. गेटावरनंच माघारी धाडलं समद्यांना."

"मग झोपा जरा. आज भागाकार आहे आमचा."

"भागाकार काय पळून चाललाय व्हय? चल गं रोझे, पुण्याला जाऊ. हत्ती बघू."

"अहो, असं कसं? ठरलं नाही, सवरलं नाही!"

"ठरवून आपुन कवा कुठं गेलोय, दबोरा? ठरवलं की माझी शिफ्ट आडवी येती. डबा तयार हाय, पोरगी तयार हाय. तूच तेवढी राहिलीस."

रोझी तर मोजेसुद्धा घालायला लागली होती. आता बोला! दबोरानं निरुपायानं कॅटलॉग मिटला, तसा त्यातून एक घडी घातलेला कागद खाली पडला. बन्यामीननं तो पाहिला. दबोरानं तो उचलून परत पानांत सारला.

पाचवीच्या प्रवेशाचा फॉर्म होता तो. बन्यामीननंच तीन आठवड्यांपूर्वी एका नव्या शाळेतून आणलेला. शुक्रवार शेवटची तारीख, आणि आज मंगळवार.

दोन वर्षांपूर्वी, दुसरीत असताना, रोझी हजेरीला अडखळायला लागली. 'ह' ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच ठाण मांडायचा. ह... ह... वर्ग हसायचा, तिच्या वर्गाच्या बाई पुढचं नाव घ्यायच्या, आणि समोर बसलेली जितीजागती पोर कॅटलॉगात गैरहजर पडायची. पुढं पुढं तर सकाळी दप्तर दिसलं की तिला उलटी व्हायची. शेवटी दबोरानं पोरीला शाळेतून काढलं आणि त्याच शाळेतली आपली नोकरीही सोडली. तेव्हापासून घरी रोझी एकदाही अडखळली नव्हती. हा दबोराचा पुरावा. बन्यामीनचं म्हणणं एवढंच, की घरात तर समदेच राजे असत्यात. यावरून त्यांची दोनदा कडाक्याची भांडणं झाली होती. पोरीला पुन्हा कुणी हसेल, ही भीती दबोराच्या मनातून कधी गेली नव्हती, म्हणून फॉर्म कॅटलॉगात तसाच पडून होता.

पॅसेंजरला गर्दी बेताची होती. केडगावला एक म्हातारी चढली, रोझीच्या शेजारी टेकली, आणि पिशवी मांडीवर ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "कितवीला हायस गं, बाय?"

"चौथीला," दबोरा म्हणाली.

"आज शाळा न्हाई व्हय?"

"घरीच शिकते ती."

"अगं बाई! आजारी असती का काय?"

"नाही हो मावशी, चांगली धडधाकट आहे," दबोरा म्हणाली आणि खिडकीकडं वळली. म्हातारीनं रोझीच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिच्या हातावर दोन बोरं ठेवली. ती यवतला उतरल्यावर बन्यामीन हळूच म्हणाला, "म्हातारीनं पोरीला इचारलं व्हतं."

"अडकली असती."

"अडकू दे की."

लोणीच्या पुढं गाडी सिग्नलला थांबली आणि थांबूनच राहिली. आजूबाजूचे लोक निवांत बसून होते, कुणी शेंगा खात होतं. बन्यामीन बाहेर बघत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हीबी अडकतीच की. म्हणून काय कुणी उतरून घरी जातंय?"

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पोचायला साडेअकरा वाजले. शिरताक्षणी दबोरातली बाई जागी झाली. प्रत्येक पिंजऱ्यापुढच्या पाटीवरचा मजकूर रोझीला वाचायला लावायचा, मग प्रश्न विचारायचे. अस्वल काय खातं? मगर अंडी कुठं घालते? हत्तीपाशी मात्र रोझीचं लक्षच नव्हतं. ती मान वळवून दुसरीकडंच बघत होती.

मागं झाडाखाली एक शाळा जेवायला बसली होती. सहलीला आलेली, म्हणून सगळी रंगीत कपड्यांत. भाकरीचे तुकडे इकडून तिकडं जात होते, कुणाचा तरी ठेचा फिरत होता, एक पोरगी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

"शिरूर तालुक्यातली दिसत्यात," बन्यामीन म्हणाला. "एसटीवर कवठे येमाईची पाटी व्हती बाहेर."

"रोझी, हत्तीच्या सोंडेचा उपयोग काय?" दबोरानं विचारलं.

"पाणी प्यायला," रोझी म्हणाली आणि तेवढाच धागा धरून पुढं बोलली, "मी पण बाटली भरून आणते." आणि गेली.

त्यांनीही डबा सोडला. बन्यामीनची अर्धी पोळी झाली, पाऊण झाली, तरी पोरीचा पत्ता नाही. दबोरा उठली. नळापाशी कुणी नव्हतं. मगरीच्या कुंपणापाशी नव्हतं. "रोझी!" ती ओरडली. बन्यामीन डबा तसाच टाकून मागून धावत आला.

फाटकाजवळ शिट्टी वाजली. सहलीची पोरं लांबलचक रांगेत उभी होती आणि डोक्यावर टोपी, हातात वही असलेले एक सर ओरडत होते, "आपापला नंबर मोठ्यानं बोला! चला, एक!"

आकडे रांगेतून पळत सुटले. दबोरा त्यांना ओलांडून फाटकावरच्या माणसाला विचारायला निघाली होती.

"पंचेचाळीस!"

"सेहेचाळीस!"

"सत्तेचाळीस!"

दबोरा जागीच उभी राहिली. तो आवाज तिला हजारांत ओळखू आला असता, आणि तरी इतका मोठा तिनं तो कधी ऐकला नव्हता. रांगेच्या अगदी टोकाला, दोन वेण्या घातलेल्या एका पोरीच्या मागं, पाण्याची बाटली छातीशी धरून रोझी उभी होती.

"सत्तेचाळीस कसं?" सरांनी वहीत पाहिलं. "सेहेचाळीस आणलीत मी. कोण दोनदा बोललं? परत पहिल्यापासनं!"

दबोरा पुढं झेपावली. बन्यामीननं तिच्या पर्सचा पट्टा धरला.

"थांब."

"अहो, सोडा! ती—"

"मोजणी चाललीय. थांब."

या खेपेला सर रांगेबरोबर चालत होते, एकेकाकडं बोट करत. त्यामुळं सगळ्या माना मागं वळलेल्या. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. सेहेचाळीस. बोट रोझीवर आलं.

"स..." रोझी म्हणाली. "स... स..."

दबोराचे ओठ आपोआप हलले. तो आकडा तिच्या तोंडात तयार होता, नेहमीसारखा. रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

दोन वेण्यांवाली गर्रकन वळली. "ए, गप की रं! म्हणतीया ना ती!"

सरांचं बोट तसंच हवेत राहिलं. शेवटचा आकडा आल्याशिवाय बेरीज व्हायची नव्हती, त्यामुळं सर थांबले, रांग थांबली. कुणी पुढचं नाव घेतलं नाही. पुढं नाव नव्हतंच.

"स... सत्तेचाळीस," रोझी म्हणाली.

"हां," सर म्हणाले, आणि मग त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "तू कुठली गं? आमच्यात कशी?"

"सर, मला वाटलं ही ब तुकडीतली हाय," दोन वेण्यांवाली म्हणाली. तिचं नाव राजनंदिनी, हे रोझीला नळावरच कळलं होतं. "नळाला भेटली. शिट्टी झाली तवा मीच म्हणलं, चल पटकनी, न्हाईतर सर वरडत्यात."

दबोरा धापा टाकत पोचली. "माफ करा हो सर, आमची आहे."

"असू द्या बाई. सहलीत एक कमी भरलं तर जीव जातो. जास्त भरलं तर काय बिघडतंय?" सर हसले. "कुठल्या शाळेची?"

दबोरानं उत्तराला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं रोझीकडं पाहिलं.

"घ... घरच्या," रोझी म्हणाली.

"अस्सं! आणि वर्गात किती जण तुम्ही?"

"एक."

सरांनी तिच्या डोक्यावर वहीनं हलकी टपली मारली आणि रांग एसटीकडं निघाली. राजनंदिनी वळून वळून हात करत होती. शेवटी ती एसटीच्या दारातून आत ओढली गेली, तरी रोझीचा हात वरच होता.

परतीच्या गाडीत रोझी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. फॉर्मबद्दल बन्यामीननं चकार शब्द काढला नाही, आणि त्याबद्दल दबोराला त्याच्याविषयी फार माया वाटली. उरुळी गेल्यावर तीच म्हणाली, "ती अडकली, तर सगळे थांबले हो."

"व्हय."

"मी कधी थांबलेच नाही. तिच्या आधीच बोलून मोकळी झाले."

बन्यामीननं पोरीच्या अंगावरचा स्वेटर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला प्रार्थना झाली. बन्यामीन शिफ्टला गेला होता. दबोरानं कॅटलॉग उघडून पेनाचं टोपण काढलं, तशी रोझी स्टुलावरून वाकली.

"बाई, तुमचं कालचं राहिलंय. रकाना मोकळा हाय."

"हो गं. हजर होतीस की तू." दबोरानं रेघ मारायला पेन टेकवलं.

"न्हाई बाई. तिकडं हजर होते. इथं शून्य पाहिजे." रोझी गंभीर होती. "तुम्हीच म्हणता ना, कॅटलॉगात खोटं लिहायचं नसतं."

दोन वर्षांत त्या कॅटलॉगात एकही शून्य पडलं नव्हतं. तापातसुद्धा दबोरानं अंथरुणाशी बसून हजेरी घेतली होती. तिनं पेन घट्ट धरलं आणि शून्य काढलं. ते काही फार गोल आलं नाही.

मग तिनं पानांतून तो फॉर्म काढला, तळहातानं त्याची घडी सपाट केली आणि पेनासकट रोझीपुढं सरकवला.

"आज भागाकार नको. शुद्धलेखन. हे भर. अक्षर नीट काढ."

रोझीनं वरची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. पेन हातात घेतलं, पण लिहिलं नाही.

"मम्मी," ती म्हणाली, "तू येशील ना सोडायला?"

भिंतीवरच्या घड्याळात आठसुद्धा वाजले नव्हते. दबोरानं तिला टोकलं नाही.

"येईन की," ती म्हणाली. "फाटकापर्यंत."